दुनळीच्या नळ्या मूळच्या की मागाहून बसवलेल्या? एका वारशातील बंदुकीच्या निमित्ताने

दादर येथील एका वाचकांनी आजोबांकडून आलेल्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीविषयी विचारले आहे. बंदूक ॲन्सन-डीली पद्धतीची बॉक्सलॉक, म्हणजे घोड्यांची यंत्रणा आत झाकलेली, असून नळ्यांमधल्या पट्टीवर, म्हणजे रिबवर, आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल. असे विक्रेत्या संस्थेचे नाव कोरलेले आहे. घरातल्या माहितीप्रमाणे ती शंभर वर्षांहून जुनी आहे. नळ्यांवरचा क्रमांक आणि ॲक्शनवरचा, म्हणजे नळ्या ज्याच्यावर बसतात त्या यंत्रणेच्या सांगाड्यावरचा, क्रमांक एकच आहे. असे असूनही एका मूल्यमापकाने "नळ्या मूळच्या नाहीत" असे सांगून किंमत निम्म्यावर आणली. वाचकांनी तीन प्रश्न केले आहेत: क्रमांक जुळत असताना नळ्या मूळच्या नाहीत असे कसे म्हणता येते, त्या बदललेल्या असतील तर कोणी आणि केव्हा बदलल्या, आणि बंदुकीचे मोल खरोखरच इतके उतरते का. सोबत त्यांनी नळ्यांच्या मागच्या टोकाच्या सपाट बाजूंची आणि ॲक्शनच्या सपाट बाजूंची स्पष्ट छायाचित्रे पाठवली आहेत. पुढचे उत्तर मुख्यतः त्या छायाचित्रांच्या आधारे दिलेले आहे.

प्रथम निष्कर्ष सांगतो. ही बंदूक पहिल्यांदा दुकानातून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर या नळ्या नव्हत्या, एवढे मूल्यमापकाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र दिसणाऱ्या पुराव्यानुसार त्या १९२५ ते १९५४ या काळात बर्मिंगहॅममध्ये तपासून घेतलेल्या आहेत आणि बहुधा याच ॲक्शनसाठी बनवलेल्या आहेत. "मूळच्या नाहीत" या एका शेऱ्याखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकत्र होतात आणि वारसदाराचे नुकसान नेमके तिथे होते. नळ्या बंदुकीबरोबरच जन्मलेल्या असू शकतात. बंदूक घेतानाच मागवलेला दुसरा जोड असू शकतो. मूळ कारखान्याने किंवा विक्रेत्याने कित्येक वर्षांनी रीतसर नव्या बसवून दिलेल्या असू शकतात. जुन्या नळ्या मागच्या टोकाजवळ कापून त्यांच्यात नव्या नळ्या सांधलेल्या असू शकतात, ज्याला स्लीव्हिंग म्हणतात. आणि शेवटी, दुसऱ्याच बंदुकीच्या नळ्या कानशीने घासून या ॲक्शनवर बसवलेल्या असू शकतात. यांपैकी शेवटचा प्रकार खरोखर वाईट आहे. उरलेल्यांना त्याच्या पंक्तीला बसवणे हा अन्याय आहे.

आता क्रमांकाविषयी. सर्वसामान्य मालकाला तो सर्वांत भक्कम पुरावा वाटतो, पण माझ्या मते तो सर्वांत कच्चा आहे. नव्या नळ्या बसवणारा प्रत्येक प्रामाणिक कारागीर त्यांच्यावर जुनाच क्रमांक उठवतो, कारण बंदुकीची ओळख क्रमांकावरच चालते. अप्रामाणिक मनुष्यही तेच करतो. त्यामुळे क्रमांक जुळल्याने एवढेच कळते की कोणीतरी तो जुळवलेला आहे. त्यापेक्षा उपयोगी प्रश्न हा, की तो कोणत्या ठशांनी उठवला आहे. लंपवर (नळ्यांखालच्या, ॲक्शनमध्ये अडकणाऱ्या उंचवट्यावर) किंवा नळ्यांच्या सपाट बाजूवर असलेले आकडे, ॲक्शनवरचे आकडे आणि फोरएंडच्या (नळ्यांखाली हाताने धरायच्या पुढच्या लाकडी भागाच्या) लोखंडावरचे आकडे भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. चार आकड्याची उघडी किंवा बंद माथ्याची घडण, सातच्या आडव्या रेघेचा कल, तीनचे डोके गोल की सपाट, आकड्यांमधले अंतर, ठसा किती खोल बसला आहे, या सगळ्यांवरून एकाच कार्यशाळेच्या एकाच ठशांच्या संचाचे काम सहसा ओळखू येते. आपल्या छायाचित्रांत ॲक्शन आणि फोरएंड यांवरचे आकडे एका घडणीचे आहेत, तर नळ्यांवरचे किंचित मोठे आणि सरळ उभे आहेत. म्हणजे नळ्या नंतरच्या हाताने क्रमांकित केल्या आहेत. यात लबाडीचा काही संबंध नाही, पण काळाचा फरक मात्र इथेच पहिल्यांदा दिसतो.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. पुसट झालेला क्रमांक उजळवण्यासाठी तो पुन्हा कोरून घ्यावा असा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसणे, काढणे, बदलणे किंवा बनावट करणे यास मनाई आहे. क्रमांक वाचता येत नसेल तर तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे, किंवा पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल हलकेच घासावी. त्याने वाचता येईल तेवढेच पुरेसे आहे.

खरी माहिती मिळते ती प्रूफच्या खुणांमधून. इंग्लंडमध्ये बंदुकीच्या नळ्या विकण्यापूर्वी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून त्यांची सक्तीची चाचणी घेतली जात असे आणि त्यातून पार पडलेल्या नळीवर ठसे उठवले जात असत. हे काम लंडनमध्ये गनमेकर्स कंपनीकडे होते, जिला १६३७ साली सनद मिळाली होती, आणि बर्मिंगहॅममध्ये १८१३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्रूफ हाउसकडे. हे ठसे आजच्या शोधात इतके मोलाचे ठरतात, कारण त्यांचे नियम ठराविक वर्षांनी बदलले आणि प्रत्येक बदलाने ठशांत काहीतरी नवे आले. चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेल्या, नळ्यांवर १८७५ पासून "नॉट फॉर बॉल" असे शब्द आढळतात आणि १८८७ च्या नियमांनंतर ते जातात. त्याच १८८७ पासून चौकटीच्या, म्हणजे हिऱ्याच्या, आकारात बोअरचा आकडा आणि सी हे अक्षर दिसू लागते. १९०४ पर्यंत बर्मिंगहॅमच्या ठशांत मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत अक्षरे असत. १९०४ पासून त्यांच्या जागी मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही अशी अक्षरे आली आणि धूरविरहित दारूच्या चाचणीसाठी मुकुटाखाली एनपी हा वेगळा ठसा आला. लंडनच्या नळ्यांवर याच कामासाठी तलवार धरलेला हात आणि खाली एनपी असे चिन्ह दिसते. १९२५ च्या नियमांपासून चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या जागेची, लांबी इंचांत उठवली जाऊ लागली. १९५४ नंतर नळीच्या आतील व्यासाचा जुना अपूर्णांक जाऊन इंचाचे दशांश आले आणि छऱ्यांच्या औंसांच्या जागी दर चौरस इंचाला इतके टन असा दाब लिहिला जाऊ लागला.

आता आपल्या बंदुकीकडे पाहू. ॲक्शनच्या सपाट बाजूवर छेदणारे राजदंड आहेत, म्हणजे ॲक्शनची पहिली चाचणी १९०४ पूर्वीची आहे. नळ्यांवर मात्र राजदंड कुठेच नाहीत. तिथे मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी आहेत, चौकटीत बारा आहे, त्याखाली २½ इंच असे चेंबर आहे आणि दुसऱ्या बाजूला १⅛ औंस असा भार आहे. चेंबरची लांबी आहे म्हणून नळ्या १९२५ पूर्वीच्या नाहीत. टनांत दाब नसून औंसांत भार आहे म्हणून त्या १९५४ नंतरच्याही नाहीत.

इथे एक शंका रास्त आहे आणि तिचे निरसन झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्याच नळ्या मागाहून धूरविरहित दारूसाठी पुन्हा चाचणीला पाठवल्या असतील, तर त्यांच्यावरही नवे ठसे दिसतील की नाही? नक्कीच दिसतील, आणि अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. पण पुनर्चाचणीत जुने ठसे पुसले जात नाहीत. नव्यांच्या शेजारी ते राहतात आणि बहुतेक वेळा पुनर्चाचणीची मुकुटाखालची आर ही खूणही असते. आपल्या नळ्यांवर जुन्या ठशाचा मागमूस नाही, घासल्याची खोलगट जागाही नाही आणि आर नाही. म्हणून या नळ्यांना त्यापूर्वीचे आयुष्य नव्हते. बदललेल्या नळ्या ओळखण्याची याहून विश्वासार्ह रीत मला माहीत नाही: ॲक्शनवर जुन्या नियमांचे ठसे आहेत, नळ्यांवर फक्त नव्या नियमांचे आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये कोणताही दुवा नाही.

दुवा नाही असे म्हटले, परंतु एक जागा अजून पाहायची आहे आणि ती आपल्या छायाचित्रांत तेलाच्या थराखाली झाकली गेली आहे. नव्या नळ्या याच ॲक्शनवर बसवून चाचणीला गेल्या असतील, तर ॲक्शनवरही मुकुट आणि एनपी हा नवा ठसा सहसा उठवलेला असतो. ॲक्शनच्या सपाट बाजूवर, म्हणजे नळ्या जिथे टेकतात त्या भागात, कडेला तो शोधावा. रॉकेलमध्ये भिजवलेला मऊ ब्रश वापरावा. पॉलिश पेपर, पितळी ब्रश किंवा खरखरीत कापड वापरू नये. तो ठसा सापडला तर नळ्या आणि ॲक्शन एकत्र चाचणीला गेल्या होत्या हे सिद्ध होते आणि दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या बसवल्याची शक्यता जवळपास मिटते. नाही सापडला तर ती शक्यता उघडी राहते आणि पुढे सांगितलेल्या बसणीच्या तपासणीवर अधिक भार पडतो.

वर्ष आणखी जवळ आणण्याची एक सोय आहे. १९२१ पासून बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने एक लहानशी खासगी खूण वापरायला सुरुवात केली. दोन तिरकस छेदणारी शस्त्रे आणि त्यांच्या कोनांत एक वर्षाचे अक्षर, एक बी आणि तपासनिसाचा आकडा अशी ती असते. ती तांदळाच्या दाण्याएवढी असल्यामुळे सहज सुटते. अक्षरांची ही मालिका युद्धकाळात थांबली आणि १९५० पासून नव्याने सुरू झाली, त्यामुळे केवळ अक्षरावरून वर्ष ठरवल्यास दोन काळांत गल्लत होते. अक्षर वाचताना बाकीच्या ठशांचा काळही नेहमी जुळवून पाहावा. आपल्या डाव्या नळीवर चौकटीच्या मागे अशी खूण असावी असे छायाचित्रात वाटते. दहापट भिंग आणि बाजूने पडणारा प्रकाश असेल तर ती वाचता येईल.

बेल्जियम आणि जर्मनीच्या नळ्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण इंग्रजी नावाच्या बंदुकीवर त्या अधूनमधून भेटतात. लिएजच्या नळीवर लंबवर्तुळात ईएलजी ही अक्षरे असतात आणि १८९३ पासून त्यावर मुकुटही असतो. जर्मनीतल्या सूलच्या नळ्यांवर अनेकदा महिना आणि वर्षच आकड्यांत दिलेले असते. इंग्रजी ॲक्शनवर असे ठसे असलेल्या नळ्या दिसल्या तर त्या बाहेरून आलेल्या आहेत हे वेगळे सांगायला नको. आपल्या बंदुकीत तसे काही नाही.

नळीच्या धातूवरून काढले जाणारे निष्कर्ष मात्र जपून घ्यावेत. जुनी बंदूक म्हणजे दमास्कसच्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) नळ्या आणि पोलादी नळ्या म्हणजे बदललेल्या, असा समज मुंबईत फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. व्हिटवर्थने दाब देऊन ओतलेल्या पोलादाचे पेटंट १८६५ मध्येच घेतले होते, आणि १८८० नंतर चांगल्या कारखान्यांतून पोलादी नळ्यांच्या बंदुका नियमितपणे बाहेर पडत होत्या. म्हणून केवळ पोलाद पाहून शेरा मारू नये. याउलट, दमास्कसच्या नळ्या शंभर टक्के मूळच्या असतील असेही नाही, कारण जुन्या बंदुकीच्या दमास्कस नळ्या काढून दुसरीवर लावता येतात. तरीही आपल्या बंदुकीच्या नळ्या का बदलल्या असतील याचा अंदाज बांधता येतो. काळ्या दारूचा अंश ओलावा शोषून घेतो, आणि त्या काळच्या काडतुसांच्या टोप्यांमधले क्षारही तसेच करतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रात्रीच्या रात्री नळी साफ न केल्यास आत खड्डे पडत. त्यात धूरविरहित दारूची काडतुसे सर्वत्र मिळू लागली. खड्डे पडलेल्या जुन्या नळ्यांना त्यांचा दाब द्यायचा, की उत्तम ॲक्शन ठेवून नळ्या नव्या करायच्या, असा प्रश्न त्या पिढीच्या मालकांपुढे होता. ज्यांना परवडले त्यांनी नळ्या नव्या केल्या.

लंपची घडण पाहायला विसरू नये. चांगल्या नळ्यांत प्रत्येक नळीबरोबर लंपचा अर्धा भाग एकसंध घडवलेला असतो आणि दोन्ही अर्धे मध्ये जोडलेले असतात. त्याला चॉपर लंप म्हणतात आणि लंपच्या बुडावर मधोमध जाणारी केसाएवढी रेघ दिसते. मध्यम किमतीच्या बंदुकीत लंप वेगळा घडवून नळ्यांच्या मध्ये पाचरीसारख्या खाचेत बसवून पितळी जोडाने पक्का केलेला असतो. तिथे रेघ लंपच्या भोवती दिसते. आपल्या बंदुकीत दुसऱ्या प्रकारचा लंप आहे. आर्मी अँड नेव्हीसाठी बनलेल्या बॉक्सलॉक बंदुकीला तो शोभणारा आहे. लंपच्या पुढे नळ्यांच्या खालच्या अंगाला नळी बनवणाऱ्याची आद्याक्षरे असतील तर तीही टिपून ठेवावीत.

स्लीव्हिंगची शक्यता तपासणे आवश्यक आहे, कारण या प्रकारात जुन्या नळीचा मागचा तुकडा तसाच राहतो. त्यामुळे मूळ लंप, मूळ क्रमांक आणि मूळ ठसे सगळे जागेवर असतात, आणि त्यावरून नळ्या मूळच्या आहेत असा भ्रम होतो. सांधा मागच्या टोकापासून काही इंचांवर नळीभोवती गोल फिरलेला असतो. तो लपवण्यासाठी त्यावर नक्षीचे कडे कोरण्याची रीत आहे. रीतसर चाचणी झालेल्या अशा नळीवर "स्लीव्ह्ड" हा शब्द उठवलेला असतो. भारतात केलेल्या कामावर तो शब्द असेलच असे नाही. नळी थोडी तिरकी धरून लांबीच्या दिशेने प्रकाश सरकवला तर सांध्याच्या ठिकाणी प्रकाशाची रेघ किंचित मोडते. आपल्या बंदुकीवर जुने ठसेच नसल्यामुळे ही शक्यता बाद होते, पण इतर वाचकांनी ती सर्वप्रथम तपासावी.

रिबवरच्या लेखाने आपल्याला काळ ठरवायला थोडी मदत केली आहे. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी १८७१ मध्ये स्थापन झाली. तिने मुंबईत १८९१ मध्ये आपले दुकान उघडले, आणि काळा घोडा भागात महात्मा गांधी मार्गावर तिच्या नावाची इमारत आजही उभी आहे. सी.एस.एल. ही अक्षरे या जुन्या नावाची आहेत. १९३४ मध्ये संस्थेचे नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड झाले. रिबवर जुने नाव आहे, म्हणून नळ्यांचे काम १९२५ ते १९३४ या दरम्यानचे असावे असे म्हणण्याचा मोह होतो. तसे ठामपणे म्हणू नये. नवी नळी बसवताना जुनी रिब सुस्थितीत असेल तर तीच पुन्हा वापरण्याची पद्धत होती, आणि कधी कधी मालकाच्या इच्छेने जुनाच लेख नव्या रिबवर कोरला जात असे. रिबच्या लेखाची अक्षरे नळ्यांच्या रंगकामाच्या मानाने झिजलेली, कडा गोलावलेल्या अशा असतील तर रिब जुनी आहे. कडा धारदार असतील तर लेख नळ्यांबरोबरचा आहे. मोठ्या कारखान्यांच्या बंदुकीत हाच न्याय पत्त्यांना लागू होतो. पर्डी यांचा जुना पत्ता ३१४½ ऑक्सफर्ड स्ट्रीट होता आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी ते साउथ ऑडली स्ट्रीटवर गेले. हॉलंड अँड हॉलंड १९६० मध्ये ९८ न्यू बाँड स्ट्रीटवरून ब्रुटन स्ट्रीटवर गेले. १८७५ च्या सुमाराच्या पर्डीवर ऑडली स्ट्रीट दिसला, किंवा १९२० च्या सुमाराच्या हॉलंडवर ब्रुटन स्ट्रीट दिसला, तर नळ्या कारखान्यातच नंतर बदलल्या असाव्यात अशी दिशा मिळते.

आता बसणीकडे. दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या बसवल्या असतील तर ते कागदावर सहसा सापडत नाही, धातूवर सापडते. मोठ्या शिकारी घराण्यांत एका कपाटात सारख्याच घडणीच्या दोन-तीन बंदुका असत. एकीची नळी फुटली की दुसरीची तिच्यावर बसवली जाई. तपासणीची जुनी रीत अशी: नळीच्या मागच्या टोकावर, लंपच्या पाठीवर आणि सपाट बाजूंवर काजळीचा अगदी पातळ थर द्यावा, बंदूक सावकाश मिटावी आणि उघडून पाहावे. मन लावून केलेल्या कामात टेकणाऱ्या सर्व जागांवरची काजळी सारखी उठते. घासून बसवलेल्या नळीत ती एखाद्या कोपऱ्यातच उठते, किंवा लंपच्या पुढच्या वळणावर कानशीचे आडवे ओरखडे, पितळी पत्र्याची पट्टी किंवा वेल्डिंगने भरलेला ठिपका दिसतो. फोरएंड काढून, बंदूक मिटून, नळ्या बाजूला हलवून पाहाव्यात. फोरएंड लावलेला असताना तो खेळ लपवतो.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बंदूक उघडताना काडतूस मागे ढकलणारा भाग, फार कमी लोक पाहतात, पण तो खूप बोलका आहे. तो नळ्यांबरोबर बनतो आणि नळीच्या मागच्या टोकाशी इतका घट्ट बसतो की दोघांमधली रेघ नखाला लागू नये. नव्या नळ्यांवर जुना एक्स्ट्रॅक्टर बसवला असेल तर ही रेघ रुंद दिसते. त्याच्या पायावरही क्रमांक असतो, तो काढून पाहावा, पण काढण्यासाठी नेमक्या मापाचा पेचकस वापरावा, कारण जुन्या स्क्रूची खाच एकदा फुटली की ती दुरुस्त होत नाही. नक्षीकामही तपासावे. मागच्या टोकावरची कोरीव किनार ॲक्शनवरच्या किनारीला ओळीने मिळते का, पानांच्या आणि वेलींच्या वळणांत एकच हात दिसतो का, आणि दोन्हीकडची झीज सारखी आहे का. ॲक्शनवरची नक्षी पुसट आणि नळीवरची ताजी असेल तर काळातला फरक उघड होतो, जो आपल्या बंदुकीत ठशांनी आधीच सांगितला आहे.

रंगकामाविषयी दोन वाक्ये. दुनळीच्या नळ्या आणि रिब नरम डाखाने जोडलेल्या असतात, म्हणून त्यांचा पारंपरिक काळा रंग गंज हळूहळू चढवून आणि उकळून दिला जातो. उकळत्या क्षाराचा झटपट रंग डाखाला खातो. तो रंग दिसला तर नळ्यांवर अलीकडे काम झाले आहे असे समजावे आणि रिब सैल झाली आहे का हे लंपला दोरी बांधून, नळ्या मोकळ्या लटकवून, बोटाच्या नखाने हलकेच वाजवून पाहावे. घट्ट जोडाच्या नळ्या घंटेसारख्या लांब घुमतात, सैल जोडाच्या ठप्प वाजतात.

मोजमापांचा उपयोग मूळपणा ठरवण्यापेक्षा सुरक्षितता ठरवण्यासाठी जास्त होतो, तरी दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आपल्या उजव्या नळीवर १३ भागिले १ असा आकडा दिसतो. त्याचा अर्थ चाचणीच्या वेळी नळीचा आतला व्यास ०.७१९ इंचाचा गेज आत जाईल आणि ०.७२९ इंचाचा जाणार नाही, असा होता. हे माप मागच्या टोकापासून ९ इंचांवर घेतले जाते. आज तिथे ०.७२९ किंवा अधिक मिळाले, तर खड्डे घालवण्यासाठी नळी आतून घासली गेली आहे आणि चाचणीची मर्यादा ओलांडली गेली आहे. यासोबत नळीची भिंत किती उरली आहे हेही मोजून घ्यावे. साधारण ०.०२० इंचाच्या खाली भिंत गेली असेल तर ती बंदूक चालवू नये असे मी सांगतो, ठसे कितीही चांगले असोत. तोंडाकडे दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या आहेत का हेही पाहावे. तिथे मोकळी फट असून ती डाखाने भरलेली असेल, आणि चोक शून्य असेल, तर नळ्या तोंडाकडून कापलेल्या आहेत. आपल्या नळ्या ३० इंच भरतात आणि तोंडाशी टेकलेल्या आहेत, म्हणजे त्यांना कापलेले नाही.

नोंदवह्यांचा मार्ग अजून उरला आहे. आर्मी अँड नेव्हीच्या बंदुकांच्या नोंदी ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात जतन झालेल्या कागदपत्रांत आहेत. आपल्या बंदुकीचा क्रमांक आणि रिबवरचा लेख पत्राने कळवून विचारणा करता येते. त्यासाठी बंदूक किंवा नळ्या कुठेही पाठवायच्या नाहीत, फक्त माहिती पाठवायची आहे. नोंद मिळाल्यास त्यात मूळ नळ्या दमास्कसच्या होत्या की पोलादाच्या, त्यांची लांबी किती होती आणि चोक कसा होता, हे तपासावे आणि त्याची तुलना आजच्या नळ्यांशी करावी. पहिल्या खरेदीची नोंद मिळाली म्हणून नळ्या बदलल्याचीही नोंद असेल असे धरू नये. दुरुस्त्या अनेकदा वेगळ्या वह्यांत लिहिल्या जात. आजोबांचे जुने परवाने, पावत्या, बंदुकीच्या पेटीच्या झाकणावरचा कागद, पेटीतल्या नळ्यांच्या खाचेची लांबी, हे सारेही जपावे. पेटीतली खाच नळ्यांपेक्षा लांब असेल तर पेटी वेगळ्या लांबीच्या नळ्यांसाठी बनलेली होती, एवढे निश्चित होते.

मुंबईत हे काम करताना कायद्याची चौकट पाळणे भाग आहे. शस्त्र अधिनियमातील बंदुकीच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात. त्यामुळे आपल्या मूळ नळ्या कुणाकडे सुट्या मिळाल्या तरी त्या परवान्याशिवाय विकत घेऊ नयेत किंवा जवळ ठेवू नयेत. दुरुस्ती आणि तपासणीसाठीही फक्त परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे जावे, सोबत आपला परवाना न्यावा आणि पावती घ्यावी. परवाना वारसाहक्काने आपल्या नावावर झालेला नसेल, तर इतर कशाच्याही आधी पोलिस आयुक्तांच्या परवाना शाखेत ती प्रक्रिया पूर्ण करावी. परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक यांत एका आकड्याचाही फरक असेल तर तो लेखी कळवून दुरुस्त करून घ्यावा, धातूवर काहीही करू नये.

किमतीविषयी माझे मत मूल्यमापकापेक्षा वेगळे आहे. केवळ संग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर मूळ नळ्यांची बंदूक अधिक मोलाची असते, हे मान्य आहे. परंतु जी बंदूक चालवायची आहे तिच्यासाठी, त्या काळच्या चांगल्या दर्जाच्या, याच ॲक्शनसाठी बनलेल्या आणि धूरविरहित दारूसाठी रीतसर तपासलेल्या नळ्या हा दोष मानू नये. आतून खड्डे पडलेल्या मूळ नळ्यांपेक्षा ही बंदूक जास्त उपयोगाची आहे. किंमत कमी करायचीच असेल तर ती भिंतीच्या जाडीवर आणि आतल्या व्यासावर ठरवावी, आणि ती मापे अजून कोणी घेतलेलीच नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ॲक्शनवरचा तेलाचा थर रॉकेलने साफ करून मुकुट आणि एनपी हा ठसा शोधावा. मग भिंगाने डाव्या नळीवरची लहान खासगी खूण वाचावी. त्यानंतर परवानाधारक कारागिराकडून काजळीची तपासणी, ९ इंचांवरचा व्यास आणि भिंतीची जाडी या गोष्टी करून घ्याव्यात आणि त्या कागदावर लिहून घ्याव्यात. ही मापे हाती येईपर्यंत बंदूक चालवू नये. आणि चालवण्याची वेळ आली तर काडतुसाच्या खोक्यावरची लांबी आधी वाचावी: आपली चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची आहे, आणि ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात बसले तरी ते तिच्यासाठी नाही.